हेडमास्तरांच्या कोटातलं गणित

"या खेपेला गणितात पस्तीस नाही, पन्नास पाडणार! नाही पाडले तर ही मिशी उतरवून तुझ्या हातावर ठेवीन!"

मास्तरांनी हे कात्री हवेत नाचवत जाहीर केलं. समोर बायको एका शर्टाची काजं करत बसली होती. तिनं मान वर न करता दोरा दातानं तोडला.

"मागच्या दोन्ही खेपेला हेच म्हणालात. मिशी आहे तिथंच आहे. फक्त पांढरी झाली."

आता मास्तर म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, शाळामास्तर असतील. छे! हे शिंपी. गळ्यात टेप पडली की माणूस मास्तर होतो, त्याला शाळेत जावं लागत नाही. हे तर चौथीतूनच उठले होते. वडिलांचा उजवा हात एका अपघातात कामातून गेला आणि त्याच आठवड्यात नऊ वर्षांचं पोर मशीनवर आलं. पाय पॅडलपर्यंत नीट पोचेनात, म्हणून उभ्यानं मशीन चालवायचं. शाळेतली अक्षरं पुसून गेली. पुन्हा वाचायला शिकले ते चाळिशी उलटल्यावर, आणि तेही रद्दीवर. शिंपी आपले नमुने जुन्या वर्तमानपत्रांतूनच कापतात. बाहीच्या नमुन्यावर चोर पकडल्याची अर्धी बातमी असायची, उरलेली अर्धी कॉलरवर. चोराचं पुढं काय झालं हे कळावं म्हणून मास्तर कॉलर शोधत बसायचे. अशानं अक्षरं आली!

पण अक्षरं येणं वेगळं आणि दहावीचा दाखला येणं वेगळं. गेली एकोणीस वर्षं मास्तर रोज सकाळी दोन तास शिवणकामाच्या प्रशिक्षण केंद्रात कटिंग शिकवत होते. हंगामी! हंगाम म्हणजे किती, तर एकोणीस वर्षं! त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोरी कायम झाल्या, त्यांतली एक तर केंद्राची मुख्य झाली. तिनंच त्यांना बोलावून सांगितलं होतं.

"मास्तर, वर्षाअखेर एक कायमची जागा निघतेय. तुमच्याशिवाय दुसरं कुणी माझ्या डोळ्यासमोर नाही. पण दहावीचा दाखला लागतो, आणि अठ्ठावन्न पुरी झाली की अर्जच घेत नाहीत. मी तरी काय करू? कापड कापायला तुम्ही शिकवलंत मला, नियम कापायला नाही शिकवलंत."

मास्तरांना सत्तावन्न पुरी होऊन गेली होती. म्हणजे हीच खेप. प्रौढांच्या वर्गाला बसून बाकीचे विषय त्यांनी एकेक करून काढले होते. इतिहासात तर साठ! एक गणित तेवढं मांजरासारखं पायात येत होतं. दोनदा आडवे पडले होते.

प्रौढांचा वर्ग संध्याकाळी बालवर्गाच्या खोलीत भरे. बाकडी एवढीएवढीशी, बसलं की गुडघे हनुवटीला! मास्तरांच्या शेजारी एक बसड्रायव्हर बसायचा. त्याला सगळे ड्रायव्हरसाहेब म्हणत. त्याला आगारात साहेब व्हायचं होतं आणि त्याचंही घोडं दाखल्याशीच अडलं होतं. शिकवायला गणिताच्या बाई. वयानं मास्तरांच्या लेकीएवढ्या, पण आवाज असा की पाढे फळ्यावरून पळून जातील!

"मास्तर, सूत्र वहीत दहादा लिहा."

"बाई, वीसदा लिहिलं. वहीत आहे. डोक्यात नाही."

"मग डोक्यात कसं जाईल?"

हे मास्तरांना एका दुपारी अचानक सापडलं. कोटाच्या छातीत, वरचं कापड आणि आतलं अस्तर यांच्या मध्ये, एक जाडसर कॅनव्हास घालतात. कोट छाती काढून उभा राहतो तो त्याच्या जिवावर. त्या कॅनव्हासवर खुणा करता करता मास्तरांनी सहज खडूनं एक सूत्र लिहिलं, त्यावर अस्तर टाकलं आणि शिवून टाकलं. संध्याकाळी बाईंनी विचारलं, तर सूत्र घडाघडा बाहेर! पन्नास वर्षं जे काही शिकले होते ते या हातांनी आणि खडूनं शिकले होते. डोकं बिचारं नुसतं बघायला असायचं.

मग काय विचारता! मास्तरांनी सपाटाच लावला. रोज एक सूत्र खडूनं लिहायचं, अस्तर लावायचं, वरून थोपटायचं आणि म्हणायचं, "गेलं आत! आता बाहेर यायचं नाही!" खडू कोरडा, कॅनव्हास जाड. गिऱ्हाइकाला कळायचं कारण नाही. वर्षभरात अशी गत झाली की बँकेच्या मॅनेजरच्या छातीत वर्गसमीकरण, दाताच्या डॉक्टरच्या उजव्या फासळीवर पायथागोरस, आणि एका नवरदेवाच्या काळजाजवळ तर चक्रवाढ व्याज!

"कुणाचं काही उसवलं तर?" बायकोनं विचारलं.

"माझी शिलाई उसवेल?" मास्तर म्हणाले आणि मिशीला पीळ दिला. अडचणीचं काही आलं की त्यांचा हात मिशीवर जायचा.

परीक्षेला तीन आठवडे उरले आणि गावातल्या मोठ्या शाळेचे हेडमास्तर दुकानात आले. काटक अंगाचे, करड्या आवाजाचे. कॉपी करणारा पोरगा त्यांना भिंतीपलीकडून दिसायचा म्हणे.

"मास्तर, यंदा मी निवृत्त होतोय. केंद्रप्रमुख म्हणून शेवटची परीक्षा. कोट झकास पाहिजे!"

"सर, असा शिवतो की परीक्षा तुमच्याकडे बघत बसेल!"

इथूनच सगळं बिनसायला लागलं. मास्तर तेव्हा शंकूच्या धड्यावर आले होते. एका हातानं कोट कातरत होते आणि तोंडानं शंकू घोकत होते. कॅनव्हासवर सूत्र लिहायला गेले तर खडू संपलेला.

"अगं, खडू दे!"

बायकोनं खणातून हाताला आला तो दिला. तो मेणाचा निघाला. मेणाचा खडू इस्त्रीच्या उष्णतेनं वितळतो, हे मास्तरांना ठाऊक नव्हतं असं नाही. हजारदा पोरींना शिकवलं होतं. पण तोंडात शंकू होता. त्यांनी बोटभर जाडीच्या अक्षरांत सूत्र लिहिलं, त्याच नादात कॅनव्हास पालथा घातला, अस्तर लावलं, थोपटलं.

हेडमास्तरांना ट्रायलला यायला सवड झाली नाही. त्यांचा शिपाई येऊन कोट घेऊन गेला.

परीक्षेच्या दिवशी बायकोनं मास्तरांना दोन पेनं, कंपासपेटी आणि पाण्याची बाटली दिली. "घाबरू नका. कापड समजा आणि कापा," म्हणाली. परीक्षेचं केंद्र हेडमास्तरांच्याच शाळेत. प्रौढांची खोली वेगळी होती आणि तिथं हेडमास्तर जातीनं पर्यवेक्षणाला उभे होते. "पोरं कच्ची असतात, सापडतात. ही मंडळी मुरलेली. यांच्यावर मीच नजर ठेवणार!" असं त्यांनी दारातच ऐकवलं. नवा कोट अंगात होता. हात अंगापासून जरा लांब धरून चालत होते. नव्या कोटातला माणूस असाच चालतो, म्हणून मास्तरांना विशेष काही वाटलं नाही. उलट छाती फुगली. आपला कोट खोलीभर फिरतोय!

मास्तरांचा नंबर पहिल्याच बाकावर, ड्रायव्हरसाहेबांचा बरोबर मागं.

पहिला तास झकास गेला. बँकेचा मॅनेजर आठवला, समीकरण सुटलं. दाताचा डॉक्टर आठवला, त्रिकोण सुटला. मग आलं पाचव्या प्रश्नातलं गणित. शंकूच्या आकाराचा तंबू, तळाची त्रिज्या सात मीटर, उंची चोवीस मीटर, तर किती कापड लागेल?

मास्तर खूश! कापडाचं गणित! घरचंच लग्न! सूत्र आठवायला त्यांनी वर हेडमास्तरांकडे बघितलं, आणि नेमकं त्याच क्षणी हेडमास्तर "हुश्श" म्हणाले, कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. आतली बाजू बाहेर!

फिकट राखी अस्तरावर मेणाची पिवळीजर्द अक्षरं उमटली होती. सकाळी घरी कुणीतरी कोटावर कडक इस्त्री फिरवली असणार. मेण वितळून कॅनव्हास आणि अस्तर यांतून वर आलं होतं. कॅनव्हास पालथा, म्हणून अक्षरं उलटी पडली होती, आरशातल्यासारखी. पण स्वतःचं अक्षर माणूस अंधारातही ओळखतो!

मास्तरांनी डोळे गच्च मिटले. कॉपी सापडली तर तीन वर्षं बंदी. सत्तावन्न अधिक तीन किती, हे गणित त्यांना फार पटकन आलं.

आता पंचाईत अशी की पेपर तर लिहायचा, पण समोर बघायचं नाही. त्यांनी बाकावर बसल्या बसल्या अंग वळवलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"काय चाललंय तिकडे?" हेडमास्तर गरजले. "समोर बघा!"

"नको सर!"

"नको म्हणजे? समोर बघा म्हणतो ना!"

"सर, तुम्ही आधी कोट घाला."

"काय?"

"म्हणजे... छान दिसत होता अंगात."

"या उकाड्यात?"

"वारं आहे सर. बाधेल. निवृत्तीच्या तोंडावर आजारपण बरं नाही!"

खोलीत खसखस पिकली. हेडमास्तरांच्या भुवया केसांना जाऊन टेकल्या. "मास्तर, परीक्षा द्यायला आलात की कोटाची जाहिरात करायला? सरळ बसा!"

मास्तर सरळ बसले, पण डोळे पेपरला शिवून टाकल्यासारखे खाली. पाय आर इथवर सूत्र आठवत होतं. पुढं एच की एल? उंची की तिरकी उंची? उत्तर समोर तीन हातांवर लटकत होतं. मान नुसती उचलायची खोटी! मास्तरांनी मान उचलली नाही. त्यांनी डोळे मिटून बाकावर बोटानं तंबू काढला, आणि हातानंच त्यांना सांगितलं, अहो, कापड कुठं पडतं? तंबूच्या उतारावर! मधल्या खांबावर कोण कापड गुंडाळतो? म्हणजे तिरकीच उंची, म्हणजे एल! पायथागोरस लावला, एल निघाला पंचवीस. पाचशे पन्नास चौरस मीटर! मास्तरांनी भराभर लिहून काढलं आणि घाम पुसला.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. भरारी पथक!

पथकात तिघं होते, पण बोलणाऱ्या एकट्या बाईच. चष्मा नाकाच्या टोकाला आणि नजर त्याच्याही पुढं. त्यांनी कंपासपेट्या उघडल्या, बाह्या वर करायला लावल्या, ड्रायव्हरसाहेबांचे मोजे उतरवले आणि लगेच परत घाला म्हणाल्या. मग खुर्चीपाशी येऊन थांबल्या.

"हा कोट कुणाचा?"

"माझा," हेडमास्तर ऐटीत म्हणाले. "परवाच शिवलाय."

"आणि आत हे काय लिहिलंय?"

हेडमास्तरांनी बघितलं. चष्मा काढून बघितलं. कोट उलटा करून बघितलं. तीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांच्या बाह्या तपासल्या, त्यांच्याच कोटात! चेहरा खडूसारखा पांढरा झाला.

"सगळ्यांनी पेनं खाली ठेवा! पेपर पालथे करा!" बाई ओरडल्या. "ही कुठली सांकेतिक भाषा आहे? मला वाचताच येत नाहीये!"

"बाई, मी वाचतो ना," मागून आवाज आला. ड्रायव्हरसाहेब! "बावीस वर्षं आरशात बघून गाडी चालवलीय. मला उलटंच लवकर वाचता येतं." आणि खोलीभर घुमेल अशा आवाजात वाचून दाखवलं, "शंकूचे वक्रपृष्ठफळ बरोबर पाय आर एल!"

"गप्प बसा! तुम्हाला कुणी विचारलं?"

"तुम्हीच विचारलंत बाई!"

बाईंनी कपाळावर हात मारला. मग त्या हेडमास्तरांकडे वळल्या. "केंद्रप्रमुखच परीक्षार्थींपुढे सूत्रं लटकवतात? अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी असला प्रकार बघितला नाही. मला वर कळवावं लागेल!"

हेडमास्तर रुमालानं चष्मा पुसत राहिले. शेवटची परीक्षा, आणि असा शेवट!

मास्तरांनी खाली बघितलं. गप्प बसलं की सुटले. कोटावर काही शिंप्याचं नाव लिहिलेलं नव्हतं. एकोणीस वर्षांचा हंगाम संपायला एक पेपर उरला होता. आणि पुढच्या क्षणाला आपण उभे आहोत, हे त्यांचं त्यांनाच उशिरा कळलं.

"बाई, सरांचा दोष नाही. ते अक्षर माझं आहे. कोट मी शिवलाय."

मास्तरांनी सगळं सांगितलं. खडू, कॅनव्हास, मेण, इस्त्री. बँकेचा मॅनेजरसुद्धा सांगून टाकला.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम लिहिलंत, आणि पेपरात ते समोर टांगलेलं बघून उतरवलंत," बाई म्हणाल्या.

"लिहिलं मी. पण बघितलं नाही."

"हे मी खरं कसं मानू?"

"ते मात्र खरं आहे," हेडमास्तरांना आत्ता कुठं कंठ फुटला. "समोर बघा म्हणून मी ओरडलो तरी बघेनात! कोट घाला, कोट घाला म्हणून मागं लागले होते!"

बाईंनी मास्तरांची उत्तरपत्रिका उचलली आणि तंबूचं गणित काढलं. वाचता वाचता त्यांचा चष्मा नाकावरून सुटायला आला.

"पाचशे पन्नास आलंय, बरोबर आहे. पण पुढं हे काय? 'अधिक शिलाईची माया पस्तीस, अधिक धुतल्यावर आटायला सात. एकूण पाचशे ब्याण्णव चौरस मीटर कापड घ्यावे.' माया?"

"शिलाईत आत दुमडायला जास्तीचं कापड सोडतात, ती माया," मास्तर म्हणाले. "बाई, मोजून पाचशे पन्नास कापड आणलं तर तंबू जोडणार कशानं? डिंकानं? आणि पहिल्या पावसात आटला तर आतल्या लोकांनी काय करायचं?"

"आणि हे खाली बारीक अक्षरात?"

"ती सूचना आहे. चोवीस मीटर उंच तंबू शिवू नये. वाऱ्यानं जाईल."

पथकाच्या बाईंनी उत्तरपत्रिका तोंडासमोर धरली. खांदे हलत होते. रागानं की कशानं, ते मागच्या बाकांवरून दिसेना.

"आजवर मी हजारो कॉप्या पकडल्या," त्या शेवटी म्हणाल्या. "पण बघून लिहिणारा माणूस बरोबर उत्तर मिळाल्यावर तिथंच थांबतो. पुढं जाऊन ते स्वतः चुकवत नाही! बसा खाली." मग सगळ्यांना दरडावलं. "ज्यांचं तंबूचं गणित राहिलंय त्यांनी ते सोडून द्या. लिहिलं असेल त्याखाली रेघ मारा. आणि सर, तो कोट कपाटात कोंडा!"

निकालाच्या दिवशी दुकानात प्रशिक्षण केंद्राच्या मुख्य बाई आल्या, गणिताच्या बाई आल्या, ड्रायव्हरसाहेब तर बस लावून येतो म्हणून सांगून खरोखरच बस घेऊन आले. मास्तर पास! गणितात एकोणपन्नास! तंबूच्या गणितात कापडाची माया धरल्याबद्दल एक गुण कापला होता, असं गणिताच्या बाईंनी हळूच सांगितलं. त्या एका गुणाची बातमी ऐकताच बायकोनं काजाचं काम बाजूला ठेवलं आणि तळहात पुढं केला.

"अगं, पास झालोय मी!"

"झालात ना? आनंद आहे. पण बोलला होतात पन्नास."

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षण केंद्रात कायमच्या नेमणुकीच्या अर्जावर फोटो लावायचा होता. त्या फोटोत मास्तरांना मिशी नाही. शिपायानं विचारलं, "हे कोण?"

आठवड्यानं हेडमास्तर दुकानात आले. हातात तोच कोट. निवृत्त झाल्यामुळे आवाजातला करडेपणा निम्म्यावर आला होता.

"अभिनंदन मास्तर! त्या दिवशी उठून उभे राहिलात, नाहीतर माझं काही खरं नव्हतं."

"माझ्यामुळेच तुमच्यावर वेळ आली सर. त्या उकाड्यात तुम्हाला कोट काढावा लागला नसता, तर..."

"उकाडा?" हेडमास्तर इकडेतिकडे बघत खालच्या आवाजात म्हणाले. "उकाड्याचं काय हो, सवय आहे. कोट काखेत धरत होता! हात खाली घेतला की कच्चकन रुतायचा. दीड तास पंख पसरून फिरलो, मग नाही सोसवलं. तेवढा उसवून जरा सैल करून देता का?"

"हात्तिच्या! आत्ता करतो!" मास्तरांनी कोट उलटा केला, काखेची शिलाई चार टाके उसवली आणि आत बघितलं. मग दुसरी बाजू उसवली. तिथंही बघितलं.

शंकू घोकता घोकता कातरलेल्या त्या कोटात सैल करायला आत सुतभरही कापड सोडलेलं नव्हतं.

बायकोनं खांद्यावरून डोकावून बघितलं. "धन्य आहे! वाऱ्यावरच्या तंबूला बेचाळीस मीटर माया, आणि सरांच्या कोटाला बोटभर नाही!"

मास्तरांचा हात सवयीनं मिशीवर गेला. तिथंही काही शिल्लक नव्हतं.